उभ्या गाडीचा साक्षीदार

पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांमध्ये अलीकडे एक नवा विषय येऊ लागला आहे, तो म्हणजे उभ्या गाडीत रात्रभर चालू राहणाऱ्या डॅशकॅमचा. कुणाच्या तरी गाडीचे दार रात्रीतून चेपलेले असते, तो वैतागून काचेमागे कॅमेरा बसवून घेतो, त्याचा बारीक दिवा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत राहतो, आणि पुढच्या सभेत ही नजर नेमकी कुणावर, असा प्रश्न निघतो. त्यानंतरचा वाद सहसा दोन वाक्यांपलीकडे जात नाही. एक बाजू म्हणते, गाडी माझी, कॅमेरा माझा, ज्याने काही केलेच नाही त्याला भीती कसली? दुसरी बाजू म्हणते, आमच्या मुलीबाळी खाली वावरतात, हे चित्रण बंदच झाले पाहिजे. दोन्ही वाक्ये ठाम आहेत आणि दोन्ही विचाराचा रस्ता बंद करणारी आहेत. पहिल्या वाक्यात हक्काला कुठे मर्यादाच नाही आणि दुसऱ्यात ज्याचे नुकसान झाले त्या माणसाला काहीही उत्तर नाही.

माझे मत असे आहे की उभ्या गाडीत डॅशकॅम चालू ठेवण्याचा हक्क गाडीवाल्याला असावा आणि संस्थांनी त्यावर सरसकट बंदी घालू नये. मात्र हा हक्क आपल्या गाडीला धक्का लागला त्या क्षणाचा पुरावा राखण्यापुरताच आहे. खाली वावरणाऱ्या माणसांचा दिनक्रम साठवून ठेवण्याचा, त्यांचे बोलणे टिपण्याचा किंवा चित्रफीत व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून परस्पर निवाडा करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. गाडीवाल्यांना ही मर्यादा मान्य नसेल, तर बंदी मागणाऱ्यांचे म्हणणेच खरे ठरेल.

आधी हे यंत्र काय करते ते नीट पाहिले पाहिजे, कारण वाद घालणाऱ्यांतल्या अनेकांनी ते पाहिलेले नसते. साधा डॅशकॅम गाडी बंद केली की बंद पडतो. उभ्या गाडीतही तो जागा ठेवायचा तर फ्यूज बॉक्समधून हार्डवायर किट टाकावे लागते: एक वायर बॅटरीच्या कायम चालू असलेल्या पुरवठ्याला, दुसरी किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्याला आणि तिसरी अर्थिंगला. दुसऱ्या वायरीतला पुरवठा थांबला की गाडी उभी राहिल्याचे कॅमेऱ्याला कळते आणि तो पार्किंग मोडमध्ये जातो. तिथून पुढे तो सतत चित्रण करू शकतो, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपू शकतो, किंवा धक्का जाणवला तरच जागा होऊ शकतो. या शेवटच्या प्रकारातही दोन दर्जे आहेत. चांगल्या यंत्रात आधीचे काही सेकंद तात्पुरते धरून ठेवलेले असतात, त्यामुळे धडक देणारे वाहन येताना दिसते. स्वस्त यंत्राला जाग धक्का बसल्यानंतर येते आणि तोवर चित्रात केवळ लांब जाणारे दिवे उरतात.

बंदी मागणाऱ्यांचा एक आक्षेप इथेच मान्य करायला हवा, आणि तो हातचे काही न राखता मान्य करायला हवा. हा कॅमेरा गाडी राखत नाही. त्याला हात नाहीत, आवाज नाही आणि अनेकदा पुरेशी दृष्टीही नाही. समोर आणि मागे असे दोन कॅमेरे बसवले तरी दोन्ही बाजूंची दारे बहुतांशी त्याच्या नजरेबाहेर राहतात, आणि दाटीवाटीच्या पार्किंगमध्ये ओरखडे पडतात ते नेमके दारांवर. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. कॅमेऱ्यांच्या जोडीने सतत ०.३ अँपिअर खेचले तर सुमारे अडीच दिवसांत तिची निम्मी शक्ती संपते. म्हणून किटमध्ये कट-ऑफ असतो आणि व्होल्टेज १२ च्या आसपास उतरले की तो पुरवठा तोडतो. म्हणजे गणपतीला कोकण रेल्वेने आठ दिवसांसाठी गावी गेलेल्या कुटुंबाच्या गाडीतला सतत चालणारा कॅमेरा तिसऱ्या दिवशीच झोपलेला असतो. ६४ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचे फुल एचडी चित्रण आठ-नऊ तासांचे मावते आणि नंतर जुन्यावर नवे चढत जाते. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे लिथियम बॅटरीचा कॅमेरा फुगून निकामी होऊ शकतो, म्हणून जाणकार कपॅसिटरवालाच (बॅटरीऐवजी उष्णता अधिक सोसणारा वीजसाठा असलेला) घ्यायला सांगतात. आणि रात्री तर नंबर प्लेटचा प्रकाश परतवणारा पृष्ठभाग हेडलाइटच्या झोतात असा उजळतो की चित्रात पांढरा आयत दिसतो, आकडे दिसत नाहीत.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण उभ्या गाडीचे नुकसान करणारे बहुतेक जण गुन्हेगार नसतातच. रिव्हर्स घेणारा टेम्पो, वळण न जमलेली शेजाऱ्याची मोठी गाडी, घाईतला सामान पोहोचवणारा मुलगा, वळणावर सायकल न सावरलेले पोर, अशी ही मंडळी असतात. त्यांना कुणाचे वाईट करायचे नसते. फक्त कुणी पाहिले नाही म्हटल्यावर निघून जाणे सोपे पडते. तोंड झाकून काच फोडायला आलेल्यापुढे कॅमेरा दुबळा असला, तरी अशा निघून जाणाऱ्यांच्या बाबतीत तो उपयोगी पडतो. आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यांच्या गाडीचा मागचा बंपर एके सकाळी फुटलेला निघाला, तेव्हाचे चित्रण मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. जेमतेम वीस सेकंदांची फीत. पाण्याचे जार आणणारा टेम्पो मागे येतो, चित्र हलते, टेम्पो क्षणभर थांबून पुढे जातो. नंबर वाचता येत नव्हता, पण टेम्पोचा उजवा टेललाइट फुटका होता, फाळक्याला निळी दोरी बांधलेली होती आणि कोपऱ्यात वेळ उमटलेली होती. ती वेळ वॉचमनच्या रजिस्टरशी ताडून पाहिली आणि टेम्पो सापडला. चालकाला धक्का लागल्याचे कळलेच नव्हते, असे तो म्हणाला आणि ते खोटे वाटण्यासारखे नव्हते. त्याच्या मालकाने दुरुस्तीचे पैसे दोन हप्त्यांत दिले. या सगळ्यात कॅमेऱ्याइतकेच काम रजिस्टरने केले आणि दोघांहून जास्त काम शांतपणे झालेल्या बोलण्याने केले. पण ती वीस सेकंदे नसती तर बोलायचे तरी कुणाशी?

या प्रश्नाला पैशाची बाजूही आहे आणि ती सभांमध्ये क्वचितच निघते. आपल्या गाडीचे नुकसान कुणी केले ते कळले नाही, तर आपल्याच विम्यावर दावा करावा लागतो, आणि दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, जातो. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. पाच वर्षे सांभाळलेली ५० टक्क्यांची सवलत आठ-दहा हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी कोण घालवेल? म्हणून माणूस मुकाट्याने खिशातून पैसे भरतो. चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड आपल्याला, ही गोष्ट आपण नशिबाच्या खाती टाकून दिली आहे. वास्तविक दुसऱ्याला झालेली इजा आणि त्याच्या मालमत्तेचे नुकसान भरून देण्यासाठीच प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो विमा गाठायचा तर धडक देणारे वाहन कोणते ते ठाऊक हवे. म्हणजे इथे माहिती नसणे हेच खरे नुकसान आहे, आणि ती माहिती मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्याला संशयी ठरवणे हा अन्याय आहे.

त्याहून मोठी गोष्ट अशी की निघून जाणे हे आपल्या कायद्याला मुळीच मान्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ मध्ये माणसाला इजा झाल्याचा जसा उल्लेख आहे, तसाच तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही आहे. पोलीस जागेवर नसतील तर चालकाने शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात घडले ते कळवले पाहिजे, असे ते कलम सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८७ खाली याच्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यापैकी किती चालकांनी हे कलम ऐकले आहे? दक्षिण कोरियात डॅशकॅम इतके सर्रास आहेत की उभ्या गाड्यांचे चित्रण ही तिथे नेहमीची बाब आहे; तरीही निव्वळ कॅमेऱ्यांवर विसंबून न राहता २०१७ साली कायदा बदलून, उभ्या गाडीला धडक देऊन आपली ओळख न ठेवता निघून जाणे शिक्षापात्र करण्यात आले. त्या देशाला जे कर्तव्य नव्याने लिहावे लागले, ते आपल्या पुस्तकात १९८८ पासून आहे. कॅमेऱ्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या मते हाच आहे. कायद्याने आधीच सांगितलेले पण पाळले न जाणारे एक कर्तव्य त्याच्यामुळे पाळले जाण्याची शक्यता तयार होते.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो सहसा नीट मांडलाच जात नाही. 'मुलीबाळी वावरतात' हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे, कारण पार्किंगमधल्या कॅमेऱ्यात सगळ्यांत जास्त वेळ दिसणारी माणसे सभेला हजर नसतातच. पहाटे पाचला बादली घेऊन गाड्या पुसणारा मुलगा, कचरा उचलणाऱ्या बाई, घरकामाला येणाऱ्या मावशी, खुर्चीवर डुलकी लागलेला वॉचमन, जिन्याखाली डबा खाणारा सुतार. सभासद दिवसातून दोनदा कॅमेऱ्यासमोरून जातो. ही माणसे तिथे आपल्या कामाचे तास काढतात. कोण किती वाजता आले, कुणाशी बोलत उभे राहिले, कुणी कुठल्या गाडीला टेकून विडी ओढली, हे सगळे एका खासगी कार्डावर उतरत जाते आणि त्यातले काय, कधी, कुणापुढे काढायचे हे एकटा गाडीवाला ठरवतो. या माणसांना मताचा अधिकार नाही, चित्रण पुसायला लावण्याचीही सोय नाही. ज्याने काही केले नाही त्याला भीती कसली, असे विचारणाऱ्याने हा प्रश्न त्या मावशींच्या जागी उभे राहून स्वतःला विचारावा. नोकरी जायला अपराधच लागतो असे थोडेच आहे. 'काम सोडून गप्पा मारत होत्या' एवढा शेराही पुरतो.

यावर उत्तर येते की पार्किंग ही चारचौघांची जागा आहे, तिथे कसली आली खासगी बाब? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यातल्या प्रमुख निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण तो जागेला चिकटलेला नसून माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. घरात जितकी अपेक्षा असते तितकी ती पार्किंगमध्ये नसेल, कमी असेल. पण शून्य नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामाला सूट दिली आहे, हे गाडीवाल्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवे. त्यामुळे स्वतःच्या गाडीसाठी चित्रण ठेवणाऱ्याला त्या कायद्याचा धाक दाखवण्यात अर्थ नाही. परंतु ही सूट कामाच्या स्वरूपाला आहे. तीनशे सभासदांच्या गटावर कुणाची तरी चित्रफीत टाकणे हे घरगुती काम कसे म्हणता येईल?

पाळत आणि जबाबदारी यांचा संबंध आपल्या मुलखाला नवा नाही. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या राखणदारीची पद्धत वर्णिलेली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. आणि ज्या गावात माग थांबला त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. ही व्यवस्था न्याय्य होती असे माझे म्हणणे नाही. राखणीचे ओझे ज्या महार, रामोशी, भिल्ल समाजांवर होते, त्यांनाच चोरीचा पहिला संशय आणि भरपाईचा पहिला तगादा सोसावा लागे. तरीही तिच्यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: ज्याला पाहण्याचा अधिकार होता त्याला पाहिलेल्याचा जाब गावापुढे द्यावा लागे, आणि काढलेला माग त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसे. आजच्या खासगी कॅमेऱ्याने नेमके हे उलटे केले आहे. पाहणारा कुणाला जबाबदार नाही, आणि ज्यांचे पूर्वज गावाची राखण करत तीच कष्टकरी माणसे आता सर्वांत जास्त पाहिली जात आहेत. कॅमेरा ठेवायचा असेल तर त्याबरोबर जाब देण्याची ही जुनी अटही परत आणली पाहिजे.

युरोपात हा वाद आपल्या आधी होऊन गेला आहे आणि तिथल्या न्यायालयांनी दोन्ही टोके टाळली, ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. चेक प्रजासत्ताकातल्या एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या पुन्हा पुन्हा फोडल्या जात होत्या. त्याने छपराखाली कॅमेरा लावला आणि त्यातून संशयित सापडले. त्यांच्यापैकी एकाने उलट तक्रार केली की माझे चित्रण माझ्या संमतीवाचून झाले. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले की रस्ता टिपणारा कॅमेरा निव्वळ घरगुती कामाच्या सवलतीत बसत नाही, मात्र आपली मालमत्ता, आरोग्य आणि कुटुंबाचे प्राण राखण्याचे त्या गृहस्थाचे हितही विचारात घेतले पाहिजे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी डॅशकॅमबद्दल असेच बारकाईने सांगितले: काहीही घडलेले नसताना सतत चित्रण करत राहणे डेटा संरक्षणाच्या कायद्याचा भंग आहे, पण म्हणून अपघाताच्या दिवाणी दाव्यात ते चित्रण पुरावा म्हणून वापरताच येणार नाही असे नाही. नेदरलँड्समध्ये टेस्लाच्या गाड्यांमधली उभ्या गाडीची पहारा-सोय तपासली गेली, तेव्हा कंपनीने ती मुळात बंद ठेवायची, चित्रण सुरू झाले की हेडलाइट उघडमीट करून जवळच्या माणसाला कळवायचे आणि संशयास्पद हालचालीऐवजी गाडीला स्पर्श झाला तरच जागे व्हायचे, असे बदल केले. त्याची नोंद तिथल्या डेटा प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये घेतली. कॅमेरे राहिले, त्यांची नजर आखूड झाली. जे यंत्रात शक्य आहे ते आपल्या वादात का शक्य नसावे?

माझ्या मते खरा धोका चित्रणापेक्षा त्याच्या प्रसाराचा आहे, आणि इथे गाडीवाल्याचे हित आणि खाली वावरणाऱ्यांचे हित एकच आहे. नुकसान दिसले की पहिला हात फोनकडे जातो, चित्राचे चित्र काढले जाते, तेवढाच तुकडा कापून 'हा कोण? ओळखा' म्हणून गटावर टाकला जातो. तासाभरात कुणाचे तरी नाव निघते. ते चुकीचे निघाले तर त्या माणसाची बदनामी परत घेता येत नाही. आणि नाव बरोबर निघाले तरी पुराव्याचे नुकसान झालेलेच असते, कारण व्हॉट्सॲपवरून गेलेली फीत दाबून लहान केलेली असते आणि मूळ फाइलशी तिचा मेळ राहत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा महत्त्वाचा निकाल आपल्याच मराठवाड्यातून गेलेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, त्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेऱ्यांचे चित्रण हा कळीचा पुरावा होता. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले होते की नाही, ते त्यावरून ठरायचे होते. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रत सादर करायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्र मालकाने स्वतः साक्षीला येऊन हजर केले तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे आणखी काटेकोर केले आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराने आणि एक तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याची सांकेतिक खूण, नोंदवायची. म्हणून नुकसान झाल्यावर करायची पहिली गोष्ट म्हणजे कार्ड काढून बाजूला ठेवणे, आणि न करायची पहिली गोष्ट म्हणजे फीत गटावर टाकणे.

संस्थेच्या गेटवर आधीच सीसीटीव्ही आहेत, मग गाडीतल्या कॅमेऱ्याने काय बिघडते, असेही विचारले जाते. फरक आहे. संस्थेचा कॅमेरा सभेच्या ठरावाने बसतो, त्याची जागा सर्वांना माहीत असते, फुटेज मागायचे तर समितीकडे अर्ज करता येतो आणि समिती चुकली तर पुढच्या निवडणुकीत बदलता येते. हीच यंत्रणा नीट चालली, कॅमेरे स्वच्छ ठेवले, चित्रण साठवणारा डीव्हीआर बंद पडून महिनोन्‌महिने तसाच राहिला नाही, तर अनेकांना स्वतःचा कॅमेरा लावावाच लागणार नाही. जिथे खासगी कॅमेरे वाढले आहेत तिथे सामाईक व्यवस्था आधी ढासळलेली आढळते. बंदीचा ठराव आणणाऱ्या समितीने हे आधी पाहावे.

आधी सामाईक व्यवस्था नीट चालली पाहिजे, हेच तत्त्व संस्थेच्या भिंतीबाहेर अधिक तीव्रतेने लागू होते. गेल्या काही वर्षांत पुण्यात बिबवेवाडी, सहकारनगर, येरवडा यांसारख्या भागांत रात्री कोयते आणि दांडकी घेऊन रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या काचा फोडण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा घडले आहेत. त्यात मोटारींबरोबर रिक्षा, टेम्पो आणि दुचाकीही फुटतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली ही उघड आगळीक आहे. नुकसान २० हजारांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा तोडफोडीविरुद्ध डॅशकॅम घ्या, हा सल्ला ऐकला की मला चीड येते. दिवसाच्या कमाईवर हप्ता भरणाऱ्या रिक्षावाल्याने कॅमेरा, किट आणि कार्ड यांवर आणखी काही हजार खर्चावेत आणि मग त्याची तक्रार ऐकून घेतली जावी, ही कुठली रीत? रात्रीची गस्त, रस्त्यावरचे दिवे आणि दाखल झालेल्या गुन्ह्याचा तपास हे नागरिकाला विकत घ्यायला लावण्याचे विषय नाहीत. ज्याच्याकडे फुटेज आहे त्याने ते जरूर द्यावे; ज्याच्याकडे नाही त्याची तक्रार त्यामुळे हलकी होता कामा नये. आणि इतक्या गाड्या रात्री रस्त्यावर का उभ्या असतात, तेही याच चर्चेत आले पाहिजे. पेठांमधल्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, गाड्या वाढल्या, २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केले आणि रस्त्यावर त्याचा परिणाम फारसा दिसलाच नाही.

तेव्हा संस्थेने करायचे काय? ठराव करावा, पण बंदीचा नव्हे. ३१ ऑगस्ट २०१० च्या नहालचंद लालूचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टचे, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळाचे, पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती इमारतीची सामाईक जागा आहे, असे ठरवले. तोच न्याय पुढे नेला तर काचेच्या आतली जागा गाडीवाल्याची आणि काचेबाहेरची सर्वांची आहे, म्हणून बाहेर रोखलेल्या नजरेचे नियम सर्वांनी मिळून करणे रास्त आहे. उभ्या गाडीतला कॅमेरा फक्त धक्क्यावर जागा होणारा असावा, सतत चालणारा नको. बॅटरीचे गणित पाहता गाडीवाल्यालाही तेच सोयीचे आहे. माइक बंद हवा, कारण धक्का ओळखायला कुणाचे बोलणे लागत नाही. कॅमेरा खाली झुकवून आपल्या बॉनेटपुढची जागा टिपेल इतकाच ठेवावा, समोरच्या तळमजल्याच्या खिडकीत त्याचे तोंड जाऊ नये, आणि आत कॅमेरा आहे हे काचेवर मराठीत लिहिलेले असावे, म्हणजे गाडी पुसणाऱ्या मुलालाही ते कळेल. दुसऱ्या कुणाच्या गाडीला धडक बसल्याचे आपल्या कार्डावर उमटले असेल तर त्याने लेखी मागितल्यावर तेवढा भाग द्यायला नकार देता येऊ नये. आपल्यासाठी साक्षीदार ठेवायचा आणि शेजाऱ्यासाठी तो मुका करायचा, हे चालणार नाही. फीत नुकसान झालेल्याने, संबंधित चालकाने, समितीच्या दोघांनी आणि गरज पडली तर पोलिसांनी पाहावी. गटावर ती कुणीही टाकू नये, आणि टाकल्यास समितीने ती त्याच दिवशी काढायला लावावी. कामाला येणाऱ्या माणसांच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारीत हे चित्रण वापरता येणार नाही, हे वाक्य ठरावात स्वतंत्रपणे यावे. ते गाळले तर बाकीचे नियम असूनही ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे त्यांना काहीच मिळणार नाही. आणि त्याच ठरावाने गेटवरच्या फलकावर कलम १३४ मधली २४ तासांची मुदत ठळक अक्षरांत लिहिली जावी, रजिस्टरच्या अगदी वर, जिथे टेम्पोचालक सही करतात आणि रात्री उशिरा परतणाऱ्या सभासदांच्या गाड्याही क्षणभर थांबतात.